पतपत्राचा व्यवहार (भाग ४) : शेंगदाण्यांचं नाव

एलसी, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याचं बँकेचं वचन असलेलं पतपत्र, उघडते कशी, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता पैसे द्यायची वेळ.

१९४० साली मद्रासहून डेन्मार्कच्या ऑरहूस बंदरात भुईमूग पाठवायचा होता. डॅनिश खरेदीदारासाठी लंडनच्या हॅम्ब्रोज बँकेनं जे. एच. रेनर या विक्रेत्या कंपनीच्या नावे एलसी उघडली. मालाचं वर्णन होतं सुमारे १४०० टन ‘कोरोमंडल ग्राउंडनट्स’. रेनरनं कागद दिले. इन्व्हॉइसवर हेच शब्द होते, पण बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावर माल चढवल्याच्या पावतीवर, होतं ‘मशीनने सोललेले शेंगदाणे’. बँकेनं पैसे नाकारले.

प्रकरण कोर्टात गेलं. दोन्ही नावं एकाच मालाची, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे, अशी साक्ष झाली. खालच्या कोर्टाला ते पटलं, अपील कोर्टाला नाही. बँकेनं शेकडो धंद्यांची बोली का शिकावी? तिला खरेदीदारानं सांगितलेले शब्द कागदावर हवे होते, ते नव्हते.

रेनरबद्दल वाईट वाटतं, तरी मला हा निकाल बरोबर वाटतो. एलसीखाली बँक पैसे देते ते कागदांवर. पोती उघडून दाणे चाखणं तिचं काम नाही. याच नियमामुळे विक्रेता सुरक्षित असतो. कागद चोख असतील, तर ‘दाणे खवट निघाले, पैसे थांबवा’ असं खरेदीदारानं कितीही सांगितलं तरी बँकेला द्यावेच लागतात. त्या दोघांचा सौदा वेगळा, बँकेचं वचन वेगळं.

आज जगभरच्या एलसी बहुतेक ‘यूसीपी ६००’ या नियमावलीवर चालतात. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची ही नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिच्यात थोडी मोकळीक आहे. इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळलंच पाहिजे. बाकीच्या कागदांवर ते मोघम असलं तरी चालतं, फक्त विसंगत नको.

आपल्याकडच्या निर्यातदारांना बँकेवरची बंधनं मात्र फारशी माहीत नसतात, याची मला खरंच काळजी वाटते. कागद हाती आल्यानंतर बँकेला तपासणीसाठी जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. नाकारायचं असेल तर तेवढ्यात एकच नोटीस द्यायची आणि सगळ्या डिस्क्रेपन्सी त्याच नोटिशीत लिहायच्या. आज तारखेची चूक, परवा सहीची, असं चालत नाही. हे पाळलं नाही, तर कागद सदोष असल्याचं म्हणायचा हक्कच बँक गमावते. म्हणून नोटीस आली की आधी तिची तारीख बघा.

चोख कागदांनाही एक अपवाद आहे, आणि त्याची गाजलेली कथा आपल्या लखनौची. तिथल्या एका कंपनीनं ब्रशसाठी डुकराचे राठ केस म्हणून गाईचे केस आणि कचरा भरून पेट्या न्यूयॉर्कला पाठवल्या, असा खरेदीदाराचा आरोप होता. कागद मात्र ठाकठीक. १९४१ साली न्यूयॉर्कच्या कोर्टानं म्हटलं, हे खरं असेल आणि पैसे देण्याआधीच बँकेच्या कानावर घातलं असेल, तर लबाड विक्रेत्याला एलसीची ढाल मिळणार नाही. हलका माल आणि उघड लबाडी यांतली रेघ कोर्टं कुठे ओढतात, ते पुढच्या आठवड्यात.