हवाला कुठे आहे?

९ जानेवारीला आमच्या शाळेत फातिमा शेख यांच्या स्मरणाचा छोटासा कार्यक्रम असतो. गेल्या वेळी नववीच्या मुलींनी भित्तीपत्रक तयार केले होते. वर मोठ्या अक्षरांत नाव, त्याखाली जन्मतारीख, ९ जानेवारी १८३१, आणि भोवती रंगीत कागदाची फुले. कार्यक्रम संपल्यावर त्याच वर्गातला एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "सर, ही तारीख कशावरून?"

भित्तीपत्रक लिहिणारी मुलगी चटकन म्हणाली, "नेटवर आहे ना! गूगलनेसुद्धा त्या दिवशी त्यांचे चित्र लावले होते."

"पण गूगलला कोणी सांगितले?"

मुले हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर आमच्याकडे नव्हते. वीस वर्षे मुलांना 'अभ्यास करून लिहा' असे सांगणारे आम्ही, आणि आपल्याच आवडत्या शिक्षिकेची तारीख आम्हीही कुठूनतरी उतरवून घेतली होती. गूगलने ९ जानेवारी २०२२ रोजी चित्र लावले हे खरे, परंतु या तारखेच्या आधाराबद्दल अभ्यासकांत वाद आहे. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवले, तिसऱ्याने त्या दोघांचा दाखला दिला आणि चौथ्या दिवशी ते 'सर्वांना माहीत असलेले सत्य' झाले, असे किती वेळा होते!

त्या संध्याकाळी आम्ही विकिपीडिया उघडला. या वेळी लेख न वाचता त्याच्या शेजारचे 'चर्चा' हे पान वाचले. आजचा लेख त्या पानाविषयी आहे, कारण आपल्या घरातली मुले रोज विकिपीडिया वाचतात, पण हे पान क्वचितच कोणी उघडते.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया २००३ साली आला आणि त्यानंतरच्या वर्षी उर्दू. हा ज्ञानकोश पगारी विद्वान लिहीत नाहीत. कोणीही, अगदी तुम्ही-आम्हीही, त्यात भर घालू शकतो. बिनमोबदला काम करणारे हजारो लोक तो लिहितात, सुधारतात आणि एकमेकांशी भांडतातही. प्रत्येक लेखाला दोन जोडपाने असतात. 'इतिहास' या पानावर कोणी, कधी, कोणता शब्द बदलला याची नोंद राहते. 'चर्चा' या पानावर तो बदल योग्य की अयोग्य यावर वाद होतो.

याचे एक उदाहरण घराघरांत आठवत असेल. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून झेल सुटला. त्या रात्री कोणीतरी नाव न देता त्याच्या इंग्रजी लेखात 'भारत' पुसून 'खलिस्तान' लिहिले. काही मिनिटांतच इतर संपादकांनी तो खोडसाळपणा मागे घेतला आणि अनोळखी लोकांना बदल करता येऊ नये म्हणून लेखाला कुलूप लावले. परंतु तेवढ्या वेळात त्याची चित्रे काढून लोकांनी ती देशभर पसरवली होती. दरवाजा उघडा असण्याचा धोका आणि घरात जागे लोक असण्याचा फायदा, दोन्ही त्या रात्री दिसले.

खोडसाळपणा ओळखणे तसे सोपे असते. कठीण असते ते दोन प्रामाणिक माणसांचे भांडण. त्यासाठी तिथे काही नियम आहेत. पहिला नियम असा की लिहिलेल्या गोष्टीला विश्वसनीय, छापील किंवा प्रकाशित आधार हवा. आधार नसेल तर वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लागते आणि पुढे ते वाक्य काढलेही जाते. दुसरा नियम असा की स्वतःचे संशोधन किंवा स्वतःचा निष्कर्ष तिथे चालत नाही, दुसऱ्यांनी प्रसिद्ध केलेलेच मांडायचे. तिसरा, एखाद्या विषयावर मतभेद असतील तर महत्त्वाच्या सर्व बाजू त्यांच्या त्यांच्या वजनाने द्यायच्या. चौथा नियम वागणुकीचा आहे. समोरचा माणूस चांगल्या हेतूने लिहितो आहे असे आधी धरून चालायचे. आपल्याकडे याला हुस्न-ए-जन म्हणतात.

इंग्रजी विकिपीडियावर एकाच लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लिखाण उलटवले तर संपादकाला बंदी होऊ शकते. म्हणजे 'मी पुसतो, तू लिही, मी पुन्हा पुसतो' हा खेळ फार काळ चालत नाही. चर्चा पानावर यावेच लागते, आपले म्हणणे कारणासह मांडावे लागते आणि खाली सही करावी लागते. निर्णय हात वर करून होत नाही. कोणाच्या कारणात किती वजन आहे ते पाहून सहमती शोधली जाते. सर्वसाधारण प्रश्नांसाठी मराठी विकिपीडियावर जे पान आहे त्याचे नाव 'चावडी', तर उर्दूत त्याला 'दीवान-ए-आम' म्हणतात. दोन्ही नावे आम्हाला फार आवडली. गावाची बैठक आणि बादशहाचा दरबार, दोन्ही ठिकाणी शेवटी फिर्याद ऐकली जाते.

आता एक नाजूक प्रसंग सांगतो, कारण तो आपल्या मनाशी निगडित आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावरील इंग्रजी लेखात जुन्या इराणी व तुर्की हस्तलिखितांतील काही लघुचित्रे आहेत. ती पाहून जगभरच्या मुसलमानांना दुःख झाले. ऑनलाइन निवेदन निघाले आणि फेब्रुवारी २००८ पर्यंत त्यावर जवळपास एक लाख सह्या जमल्या. तरीही चित्रे निघाली नाहीत. कोणाच्या भावना दुखावतात एवढ्याच कारणाने मजकूर काढायचा नाही, असा तिथला नियम आहे. ज्याला चित्रे पाहायची नसतील त्याने ती स्वतःच्या पडद्यावर लपवावीत, अशी सोय सांगण्यात आली.

आम्हाला ते दिवस आठवतात. आम्हीही मित्रांच्या सांगण्यावरून कुठल्याशा निवेदनावर नाव टाकले होते आणि आपले कर्तव्य झाले असे समजून झोपलो होतो.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०११ च्या अखेरीस वाद इतका वाढला की तो इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीपुढे गेला. ही समिती संपादकांनीच निवडलेली असते. ती वागणुकीचा निवाडा करते, लेखात काय असावे हे ठरवत नाही. तिने २०१२ साली सांगितले की, कोणती चित्रे ठेवावीत यावर सर्व संपादकांनी रीतसर चर्चा करून निर्णय घ्यावा. त्या चर्चेत एक वेगळा मुद्दा पुढे आला होता. ही चित्रे कित्येक शतकांनंतरची आहेत, ती प्रत्यक्ष रूप दाखवत नाहीत, आणि मुस्लिम परंपरेत प्रेषितांचे (स.) नाव मुख्यतः सुलेखनातून आदराने मांडले गेले आहे. मग ज्ञानकोशाने परंपरेचे खरे प्रमाण दाखवू नये का? हा मुद्दा भावनेपाशी थांबत नव्हता. तो ज्ञानकोशाच्या स्वतःच्याच नियमांच्या भाषेत बोलत होता. आज त्या लेखाच्या माथ्यावर सुलेखन आहे. आत काही लघुचित्रे कायम आहेत आणि त्यांचे दुःखही कायम आहे. मनासारखा निकाल लागला असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या दारावर एक लाख सह्यांची धडक वाया गेली, तिथे कारण घेऊन बसलेल्या थोड्या माणसांचे ऐकले गेले, एवढे मात्र खरे.

भावना फक्त आपल्याच दुखावतात असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून आपल्याच राज्यात संताप उसळला आणि सायबर पोलिसांनी काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. आपल्याला जे दुःख २००८ साली झाले तसेच आपल्या शेजाऱ्यालाही होते. हे एकदा लक्षात आले की चर्चा पानावर बोलण्याचा सूर आपोआप खाली येतो.

उर्दूत संदर्भाला 'हवाला' म्हणतात. बाजारातला हवाला वेगळा आणि किताबातला वेगळा, हे मुलांना सांगावे लागते. खरे तर हवाला मागण्याची सवय आपल्याला नवीन नाही. हदीस गोळा करणाऱ्या बुजुर्गांनी 'हे कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले' अशी साखळी शेवटपर्यंत तपासली. एखादी गोष्ट मनाला कितीही गोड वाटली तरी मधला एक सांगणारा अविश्वसनीय निघाला तर ती कमजोर ठरवली. ज्यांच्या घरात ही परंपरा आहे, त्यांनी व्हॉट्सॲपवर आलेले प्रत्येक गौरवगीत पुढे ढकलावे, ही शरमेची गोष्ट नाही का?

विकिपीडियाच्या या पद्धतीतही दोष आहे आणि तो सांगायलाच हवा. छापील आधार मागायचा म्हटले की ज्यांच्याबद्दल छापलेच गेले नाही ते बाहेर राहतात. स्त्रिया, गरीब, गावातले कारागीर, मोहल्ल्यात मुली शिकवणाऱ्या आपा यांची चरित्रे कोणी लिहिली? शिवाय संपादकांत बहुसंख्य पुरुष आहेत. त्यामुळे काय महत्त्वाचे आणि काय किरकोळ, हेही बहुतेक तेच ठरवतात.

फातिमा शेख नेमक्या याच फटीत सापडल्या. उस्मान शेख यांनी जोतिराव-सावित्रीबाईंना आपल्या घरी आसरा दिला आणि फातिमाबींनी सावित्रीबाईंसोबत शिकवले, असे आपण ऐकत आलो. पण जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की हे पात्र आपणच रचले, अशी बाई झालीच नाही. त्या दिवसांत आमचा फोन थांबत नव्हता. कोणी शिव्या देत होते, कोणी षड्यंत्र म्हणत होते. त्या सगळ्या गोंगाटात उपयोगी पडला तो एक कागद. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणात माहेरी गेलेल्या सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेले पत्र. त्यात फातिमाचे नाव आहे आणि आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल ही काळजी आहे. हे पत्र सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे, त्या पत्रकाराच्या दाव्याच्या कितीतरी वर्षे आधी. हजार संतप्त संदेशांनी जे झाले नाही ते त्या चार ओळींनी केले.

आणि इथेच आमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न पुन्हा आठवतो. पक्के पत्र हातात असताना आपण कच्ची तारीख मोठ्या अक्षरांत का लिहिली? उद्या कोणी ती तारीख खोडून काढली तर तो म्हणेल, तारीख खोटी तर बाईही खोटी. आपल्या प्रेमाने घातलेली बिनआधाराची भर आपल्याच माणसाचे नुकसान करते.

म्हणून घरोघरी एक विनंती. मुलगा-मुलगी प्रकल्पासाठी विकिपीडिया उघडतील तेव्हा त्यांच्या शेजारी दहा मिनिटे बसा. लेखाच्या तळाशी संदर्भ किती आहेत ते मोजायला सांगा, मग 'चर्चा' आणि 'इतिहास' ही पाने दाखवा. एखादी चूक दिसली तर रागाने पुसू नका. आधी पुस्तक शोधा, पान क्रमांक लिहून घ्या, चर्चा पानावर सभ्यपणे मांडा आणि दोन-चार दिवस वाट पाहा. मुलींनी खाते उघडताना खरे नाव, शाळा किंवा गाव देऊ नये, टोपणनाव चालते. स्वतःच्या आजोबांवर किंवा स्वतःच्या संस्थेवर लेख लिहायला बसू नका, कारण आपल्या माणसाबद्दल निःपक्ष राहणे कोणालाच सोपे नसते. त्यापेक्षा घरातल्या पेटीत पडलेली जुनी उर्दू मासिके, शाळेचे अहवाल, अंजुमनच्या जलशांच्या पत्रिका सांभाळा आणि एखाद्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दाखवा. आज जो कागद वाळवीला जातो आहे, तोच उद्या एखाद्या फातिमाबींचा एकमेव हवाला असू शकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीला बोलावले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, भित्तीपत्रक फाडायला सांगणार असे तिला वाटले असावे. आम्ही तिला पत्राची छापील प्रत दिली. तिने ती दोनदा वाचली, जन्मतारखेवर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर लिहिले, 'सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात यांचे नाव आहे.' प्रश्न विचारणाऱ्या मुलाने खाली पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक लिहिला.

ते भित्तीपत्रक अजून वर्गात आहे.