पाण्याची गोळी आणि पहिली एसटी

रक्तदाब मोजण्याआधी मी एक प्रश्न हमखास विचारतो, "आज सकाळची गोळी घेतली का?" शहरातला पेशंट बहुतेक वेळा हो म्हणतो. लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी किंवा त्याही आत वस्तीवरून आलेली आजी मात्र सांगते, "नाही डॉक्टरसाहेब, गाडीत बसायचं होतं ना."

रक्तदाब, हृदयविकार, पायांवरची सूज यांसाठी दिली जाणारी 'पाण्याची गोळी' घेतल्यावर तास-दोन तासांत वारंवार लघवीला जावे लागते. फाट्यावर आडोसा नाही, गाडी कधी येईल याचा भरवसा नाही. मग दवाखान्याच्या दिवशीच गोळी चुकते. तपासणीत रक्तदाब वाढलेला दिसतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. घरी जुनी आणि वाढीव अशी दोन्ही औषधे नियमाने घेतली, की दाब गरजेपेक्षा खाली येतो. रात्री उठताना चक्कर येते, आणि सत्तरीतल्या बाईचे खुब्याचे हाड मोडते. केसपेपरवर कारण लिहिले जाते 'पडणे'. एसटीचा उल्लेख कुठेच नसतो.

बायका तर आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी पितात. लघवीची जळजळ आणि मुतखडा यांमागे ही सवयही असते. महिला वाहकांचीही हीच अडचण आहे, पण त्यांना विचारतो कोण?

मधुमेहींचा प्रश्न वेगळा. 'उपाशीपोटी या' असे आम्ही सांगतो. माणूस सहाला घर सोडतो, गाडी चुकते, वडापने निम्मे अंतर काटतो आणि रक्त द्यायला अकरा वाजता पोहोचतो. सवयीने सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघाला असेल, तर साखर वाटेतच उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे. शेजारच्या प्रवाशाला वाटते, सकाळीच घेतलेली दिसतेय!

बारामती ते इंदापूर हे अंतर पन्नासेक किलोमीटरचे. २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आधीपासून होतेच. पूर्वी पुण्याला, ससूनला जावे लागे, त्यातले बरेच उपचार आता इथे होतात. बारामतीच्या नव्या, देखण्या बसस्थानकाचे उद्घाटनही मार्च २०२४ मध्ये झाले. पण पेशंटची अडचण स्थानकात नाही, फाट्यावर आहे. करोना आणि २०२१-२२ चा संप या काळात राज्यात कितीतरी गावांच्या फेऱ्या थांबल्या, त्या साऱ्या परत आल्या नाहीत. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी मुक्कामी गाडी ही माझ्या मते ग्रामीण आरोग्यसेवेचाच भाग होती. तिच्यामुळे माणूस केसपेपरच्या रांगेत वेळेवर उभा राहायचा.

सवलतींची कमतरता नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, डायलिसिसच्या रुग्णांनाही सवलत आहे. पण गाडीच आली नाही तर तिकीट फाडणार कोण? डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास. संपल्यावर दाब उतरलेला, अंगात त्राण नसते. अशा माणसाला शेवटच्या गाडीमागे धावायला लावणे योग्य नाही. त्यातून तो फेऱ्या चुकवू लागला, तर छातीत पाणी साठून जिवावर बेतते.

फेऱ्या खूप वाढवा, असे माझे म्हणणे नाही. दोन तासांनी एक गाडी असली तरी चालेल, पण ती ठरलेल्या वेळी यावी. आगार आणि रुग्णालये यांनी एकदा वेळापत्रक समोर ठेवून बसावे. सकाळी नऊच्या आत पोहोचवणारी एक गाडी, दुपारी दोननंतर परतीची एक, आणि स्थानकापासून दोन्ही रुग्णालयांना जोडणारी फेरी, एवढे आधी व्हावे. भवानीनगर, जंक्शनसारख्या थांब्यांवर पाणी असलेले, बायकांना आत जाववेल असे स्वच्छतागृह हवे. गाळपाच्या हंगामात त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, तेव्हा हिवाळ्यातले वेळापत्रक वेगळेच करावे लागेल. रुग्णालयांनीही पुढची तारीख देताना गाव विचारावे. ज्यांचा रक्तदाब स्थिर आहे, त्यांना गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रातून मिळाव्यात, म्हणजे खेपच वाचेल.

तोवर पेशंटनी एवढे करावे. प्रवासाच्या दिवशी पाण्याची गोळी दुपारी घरी परतल्यावर घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. बऱ्याच जणांना तशी वेळ बदलता येते. गोळी घेतली नसेल, तर दाब मोजण्याआधी तसे सांगा. उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल, तर मधुमेहाची गोळी सोबत न्या आणि रक्त दिल्यावर खाताना घ्या. इन्सुलिनचे मात्र आधी विचारून ठेवा. पिशवीत गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी असू द्या. थरथर सुटली तर तपासणी राहू द्या, आधी ते खा आणि वाहकाला सांगा.