मार्क ट्वेन : बोलीचा कान आणि कर्जाचा भार

‘हकलबेरी फिन’च्या आरंभी मार्क ट्वेनने एक छोटे निवेदन जोडले आहे. मिसूरीतील कृष्णवर्णीयांची बोली, नैर्ऋत्येकडील रानवट मुलुखाची बोली, पाइक परगण्याची नित्याची बोली आणि हिच्याच चार उपछटा आपण ह्या कादंबरीत योजिल्या आहेत, असे तो तेथे सांगतो. विनोदी लेखकाचे विधान म्हणून पुष्कळांनी ते थट्टेवारी नेले. परंतु १९७९ साली डेव्हिड कार्कीट ह्या अभ्यासकाने पात्रांच्या उच्चारांची व व्याकरणरूपांची छाननी करून, ते गंभीरपणेच घ्यावयास हवे, असे दाखविले. हा कान ट्वेनला कोठे लाभला आणि पडत्या काळात तो कसा उपयोगी पडला, हे पाहण्याजोगे आहे.

सॅम्युएल क्लेमेन्स हे त्याचे खरे नाव. जन्म १८३५ चा, मिसूरीतला. तो ११ वर्षांचा असता वडील वारले, आणि थोड्याच अवधीत तो छापखान्यात खिळे जुळवू लागला. पुढे मिसिसिपीवरील वाफेच्या बोटींवर तो वाटाड्या नाविक झाला. १८६१ च्या यादवी युद्धाने वाहतूक थांबली व तोही धंदा सुटला. उरली ती पाणी मापणाऱ्या खलाशाची आरोळी. ‘मार्क ट्वेन’ म्हणजे दोन वाव, १२ फूट पाणी. १८६३ मध्ये त्याने हे टोपणनाव घेतले. नित्याच्या इंग्रजीतून मागे पडलेले ‘दोन’ ह्या अर्थाचे जुने रूप नावाड्यांच्या तोंडी टिकून होते, ही गोष्ट भाषाभ्यासकाने ध्यानात ठेवावी.

बोलीतील मजकूर तो मोठ्याने पुनःपुन्हा बोलून, कानाला पटेपर्यंत, दुरुस्त करी. ‘हकलबेरी फिन’ १८७६ मध्ये सुरू झाली आणि अनेकदा बाजूस पडून १८८३ मध्ये पुरी झाली. १८८५ साली काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती ग्राम्य ठरवून वगळली.

त्याला बुडविले ते मात्र खिळ्यांनी. जेम्स पेज ह्याच्या खिळे जुळविणाऱ्या यंत्रात त्याने सुमारे ३ लक्ष डॉलर घातले. सुमारे १८ हजार भागांचे ते यंत्र माणसाच्या हाताची नक्कल करी. चाले तेव्हा थक्क करी, पण वरचेवर बिघडे. उलट १८८६ मध्ये वापरात आलेल्या लायनोटाइपने सुटे खिळे उचलण्याची खटपटच सोडली. ते अख्खी ओळच ओतू लागले. ज्याने स्वतः खिळे जुळविले, त्यालाच पेजच्या यंत्राची भुरळ पडावी, हे मला स्वाभाविक वाटते. १८९४ मध्ये त्याची प्रकाशनसंस्थाही दिवाळखोरीत निघाली. हेन्री रॉजर्स ह्या तेलसम्राटाने पुस्तकांचे हक्क पत्नीच्या नावे करवून वाचविले. कायद्याने सर्व कर्ज फेडणे बंधनकारक नसताही पै न् पै फेडण्याचे ट्वेनने ठरविले.

१८९५ च्या जुलैत, साठीच्या उंबरठ्यावर, तो जगभर व्याख्याने देत निघाला. व्याख्यान म्हणजे आपल्याच कथा पात्रांच्या बोलीत सांगणे. त्यांत हक आणि जिम ह्यांचा प्रसंगही असे. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईस वॉटसन्स हॉटेलात उतरला. तेथे एका जर्मन गृहस्थाने हिंदी नोकराच्या तोंडात मारली आणि मग त्याची चूक सांगितली. नोकराने ती मुकाट्याने सोसली. त्या क्षणी ट्वेनला बालपणीचे मिसूरी आठवले. गुलामांना किरकोळ चुकांसाठी मारणारे स्वतःचे वडील आठवले. जिमची बोली लिहिणारा कान अशा घरात तयार झाला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तो इंग्लंडात असता, २४ वर्षांची मुलगी सूझी अमेरिकेत मेंदूज्वराने वारली. त्या शोकातच त्याने ‘फॉलोइंग द इक्वेटर’ हे प्रवासवर्णन लिहिले. ते १८९७ मध्ये निघाले, आणि १८९८ च्या आरंभी उरलेले कर्ज फिटले.