पोवळ्यांचे बेट

अंगठीतले लाल पोवळे तुम्ही पाहिले असेल. पुष्कळांना तो खडा वाटतो. पण तो खडा नव्हे. समुद्रातल्या बारीक जिवांनी तयार केलेला तो सांगाडा आहे. या जिवांचे भाऊबंद पुष्कळ. त्यांतल्या काहींनी भरसमुद्रात अख्खी बेटे उभी केली आहेत. अशाच एका बेटाची हकिगत आम्ही सांगतो.

हिंदी महासागरात कीलिंग नावाची बेटे आहेत. १ एप्रिल १८३६ रोजी इंग्रजांचे 'बीगल' हे शिडाचे जहाज तेथे पोचले. कप्तान होते फिट्झरॉय. जहाजावर चार्ल्स डार्विन नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण होता.

बेट बांगडीसारखे गोल. कडेने जमिनीची चिंचोळी पट्टी, तीवर नारळी. मधे शांत, उथळ पाणी. बाहेरून मात्र लाटा धडाधड आपटत असतात. बांगडी जेथे तुटलेली, तेथूनच जहाज आत जायचे.

डार्विनला प्रश्न पडला, ही बांगडी उभी तरी कशावर आहे?

समुद्राची खोली मोजण्यासाठी दोरीला शिसे बांधून पाण्यात सोडत. शिशाच्या बुडाला चरबी लावत. तळाशी असेल ते चरबीला चिकटून वर येई. उथळ जागी चरबीवर जिवंत पोवळ्यांचे ठसे उमटले. खोल जागी नुसती वाळू आली. म्हणजे हे जीव उथळ पाण्यातच जगतात. पण किनाऱ्यापासून २२०० यार्डांवर कप्तानांनी ७२०० फूट दोरी सोडली, तरी तळ लागला नाही! मग एवढ्या खोलातून ही पोवळी वर आली कशी?

डार्विन म्हणाला, येथे पूर्वी ज्वालामुखीचा डोंगर होता. त्याच्या काठाने पोवळी वाढली. डोंगर हळूहळू खचू लागला. आपण सारवणावर सारवण चढवतो ना, तसेच मेलेल्या पोवळ्यांच्या सांगाड्यांवर नवी पोवळी चढत गेली. डोंगर बुडाला, बांगडी राहिली. १८४२ साली त्याने हे पुस्तकात मांडले. पुढे १९५२ साली पॅसिफिक महासागरातल्या एनिवेटॉक या अशाच बेटावर भोक पाडले. पोवळ्यांच्या चुनखडीचा थर ४००० फुटांहून जास्त निघाला. त्याखाली ज्वालामुखीचा खडक लागला. डार्विनचे म्हणणे खरे ठरले.

कीलिंगच्या विहिरींचीही गंमत पाहा. समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर विहिरीचे पाणी वरखाली होई, तरी ते गोडच! पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके. ते वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. मात्र गोड पाणी फार उपसले, तर खालचे खारे पाणी वर येते.

आपल्या देशातली लक्षद्वीप बेटेही पोवळ्यांचीच आहेत. तेथेही लोक अशाच पाण्यावर राहतात. १९९८ साली समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापला. तेथली पोवळी पांढरी पडली, पुष्कळ मेली. लाटा तर रोज बेटाची झीज करतात. ती भरून काढणारे गवंडी म्हणजे हेच जीव. गवंडीच मेला, तर पडकी भिंत कोण बांधणार? म्हणून पोवळी जगली, तरच त्या बेटांवरची घरे, नारळी आणि गोड्या पाण्याच्या विहिरी टिकतील.