बॅण्डचे नाव आणि बॅण्डमधली माणसे

रॉक बॅण्डचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला आरंभीच ठरवावे लागते की, ज्याचा इतिहास लिहायचा तो बॅण्ड म्हणजे त्याचे नाव की त्यात गाणारी-वाजवणारी माणसे. कारण गायक, गिटारवादक, ड्रमवादक यांचा जो संच, ज्याला या क्षेत्रात ‘लाइनअप’ म्हणतात, तो दोन-तीन दशके अबाधित राहिल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. तमाशाच्या फडात हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तेथे फड मालकाच्या किंवा मुख्य कलावंताच्या नावाने ओळखला जातो, आणि उचल घेतलेले बाकीचे कलावंत हंगाम संपला की दुसऱ्या फडात गेले तरी त्या नावाला धक्का लागत नाही. रॉक बॅण्डमध्ये मात्र सर्व सदस्य समान भागीदार असल्याची समजूत असते, आणि म्हणूनच एकाचे जाणेही श्रोत्यांना मोडतोडीसारखे वाटते.

स्कॉटलंडमधील डनफर्मलिन या गावी 1968 मध्ये स्थापन झालेला ‘नाझरेथ’ हा बॅण्ड या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ‘हेअर ऑफ द डॉग’ या 1975 च्या अल्बमने त्याला जगभर नाव मिळवून दिले, तेव्हा डॅन मॅकॅफर्टी, मॅनी चार्लटन, पीट ॲग्न्यू व डॅरेल स्वीट हे चौघे त्यात होते. चार्लटन 1990 मध्ये बाहेर पडले, स्वीट 1999 मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना वारले आणि ड्रम्सवर ॲग्न्यू यांचा मुलगा ली बसला. 2013 मध्ये प्रकृतीमुळे मॅकॅफर्टी यांनीही गाणे सोडले. गिटारवादक बदलला तर जाणकारांच्याच ध्यानी येते, पण गायक बदलला की सामान्य श्रोत्यालाही बॅण्ड परका वाटू लागतो. तरीही मूळच्या चौघांपैकी एकट्या ॲग्न्यू यांच्या आधारावर, 2015 पासून कार्ल सेंटन्स या नव्या गायकासह, नाझरेथ त्याच नावाने चालू राहिला.

मुंबईत याच्या बरोबर उलट घडले. तेथे 1984 मध्ये ‘रॉक मशीन’ हा बॅण्ड उभा राहिला, त्या काळी आपल्याकडचे बहुतेक बॅण्ड परदेशी गाणीच हुबेहूब वाजवत असत आणि श्रोतेही तीच मागत. धोबी तलावजवळच्या रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर रॉकचे कार्यक्रम गर्दीत होत (पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे ते बंद पडले), पण स्वतः रचलेल्या गाण्यांना तेथेही सहज टाळी मिळत नसे. अशा परिस्थितीत 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचे अल्बम काढणे हे धाडस होते. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, बेस गिटारवर, म्हणजे खर्जातले स्वर देणाऱ्या गिटारवर, मार्क सेल्विन आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही नावे या काळाशी जोडली गेली आहेत.

मग 1993 मध्ये, बहुतेक माणसे तीच असताना, बॅण्डने आपले नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे केले. जमलेले नाव टाकणे व्यवहाराला धरून नव्हते. पण ‘रॉक मशीन’ हे नाव कोणत्याही देशातल्या कोणत्याही होतकरू बॅण्डला शोभले असते, तर सिंधू नदीची आठवण देणारे नवे नाव हा बॅण्ड कुठला हे सांगत होते, आणि उपग्रह वाहिन्यांमुळे एमटीव्ही भारतात नुकतीच पोहोचलेली असताना या ओळखीला मोल होते. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम 1995 मध्ये आला. 1997 मध्ये बॅण्ड विसर्जित झाला. हिंदी चित्रपटगीते आणि नव्याने फोफावलेले इंडीपॉप यांच्या बाजारात इंग्रजी रॉकला फारशी जागा नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे लागते. बेनेगल व गांधी यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा वेगळा उपक्रम चालवला.

इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला तो 2010 मध्ये, आणि या वेळी नाव तेच राहून माणसे बदलली. बेनेगल, तिनईकर व बालापोरिया हे जुने तिघे होते. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी असे दोन तरुण वादक आले. ड्रम्स आणि बेस मिळून गाण्याचा ठेका तोलून धरतात, म्हणजे गळा आणि गिटार ओळखीचे राहिले, पण त्याखालचा पायाच नव्याने घातला गेला. केवळ जुन्या गाण्यांच्या आठवणींवर कार्यक्रम करणे या संचाला सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांनी 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला, आधीच्या अल्बमनंतर तब्बल 17 वर्षांनी.