घरचा संगणक, भाग 14 : सीडी ड्राइव्ह दिसत नाही

गेल्या दिवाळीत आमगावला मावसबहिणीकडे गेलो होतो. फराळाची ताटली हातात यायच्या आधी तक्रार आली. "दादा, लग्नाची सीडी लावाची आहे, पन माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हच नाही दिसत." लग्न 2007 चं. तीन व्हीसीडींचा संच, वेष्टनावर गुलाबाच्या फुलात बसवलेले नवरानवरी. तिच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, त्यातली वरात पाहायची होती. वरातीत त्यांचे थोरले भाऊ नाचताना दिसतात आणि ते आता नाहीत.

दुरुस्तीचा एक प्रयत्न आधीच होऊन गेला होता. गावातल्या कॉम्प्युटरवाल्याने मशीन पाहिलं न पाहिलं आणि निकाल दिला, "फॉरमॅट मारा लागते." मशीन दुकानात नेलं, स्वतःचा ड्राइव्ह लावून विंडोज टाकलं, पुन्हा जुना ड्राइव्ह बसवला. तो तरीही दिसेना. मग दुसरा निकाल : ड्राइव्ह गेला, नवीन घ्या. डेस्कटॉपवरचे दोन वर्षांचे फोटो मात्र फॉरमॅटमध्ये खरोखरच गेले.

त्याचा ड्राइव्ह त्याच केबलवर चालला आणि आमचा चालला नाही, यातच निम्मं उत्तर होतं. ते कसं, हे सांगण्याआधी एक गोष्ट पक्की करू. 'दिसत नाही' या तक्रारीचे तीन अर्थ होतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक, मशीनलाच ड्राइव्ह सापडत नाही. दोन, मशीनला सापडतो, पण विंडोज दाखवत नाही. तीन, विंडोज दाखवते, पण आत घातलेली सीडी वाचली जात नाही. फॉरमॅटने यातला फक्त दुसरा दोष जाऊ शकतो, आणि तोही दहा मिनिटांत दुसऱ्या रीतीने जातो. म्हणून कोणी आल्याआल्या फॉरमॅटचं नाव काढलं तर त्याला आधी विचारा, "बायोसमध्ये पाहिलं का, भाऊ?"

बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारा मशीनचा स्वतःचा पडदा, पाहणं अवघड नाही. बटण दाबल्याबरोबर डिलीट की टिचकावत राहायची. काही ब्रँडेड मशीनवर एफ2 किंवा एफ10 असते. निळा किंवा करडा पडदा येतो. त्यात प्रायमरी मास्टर, प्रायमरी स्लेव्ह, सेकंडरी मास्टर, सेकंडरी स्लेव्ह अशा चार ओळी असतात. त्यांपैकी एकीपुढे तुमच्या ड्राइव्हचं नाव असेल तर वायरी ठीक आहेत, भांडण विंडोजशी आहे. चारही ओळींत नाव नसेल तर त्या ओळी 'ऑटो'वर आहेत की कोणी 'नन' करून ठेवल्या आहेत, तेवढं बघा. ऑटो असूनही नाव नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर घ्या.

सीपीयू उघडण्याआधी (त्या आख्ख्या डब्याला सीपीयू म्हणणं चूकच, पण आपण सगळे तेच म्हणतो) भिंतीतला प्लग काढा, नंतर चालू करायचं बटण एकदा दाबून सोडा आणि डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला करंट पुरवणारा, डबा मात्र प्लग काढल्यावरही उघडायचा नाही. त्यातले कपॅसिटर बराच वेळ करंट धरून ठेवतात.

आता आपल्या जिल्ह्याचं. गोंदिया म्हणजे धान. राईस मिलच्या आसऱ्याने असलेल्या घरात सीपीयूचं झाकण काढलं की पंख्यावर, केबलवर बारीक कोंड्याची साय बसलेली असते. पावसाळ्यात तिला ओल लागते आणि तिचा लेप होतो. धानाची पोती आहेत तिथे उंदीरही आहेत आणि त्यांना चपट्या केबलचं प्लॅस्टिक आवडतं. एका घरी मला ड्राइव्हच्या मागे पालीची दोन अंडी मिळाली होती. तेव्हा आधी कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झाडा, केबलवर दातांच्या खुणा पाहा, मग बाकीचं.

पहिली तपासणी करंटची. ड्राइव्हच्या मागे चार तारांचा मोठा पांढरा प्लग असतो : पिवळी तार 12 व्होल्टची, लाल 5 व्होल्टची, मधल्या दोन काळ्या अर्थिंगच्या. प्लग नीट बसवून मशीन चालू करा आणि ट्रेचं बटण दाबा. ट्रे बाहेर आला तर करंट पोचतोय. नाही आला तर एसएमपीएसमधून निघालेला दुसरा रिकामा प्लग लावून पाहा. या प्लगांची आतली पितळी नळी सैल होते, मग बाहेरून घट्ट दिसणारा प्लग आतून लागलेलाच नसतो. ट्रे अडकून बसला असेल तर पुढच्या बाजूला टाचणीएवढं भोक आहे. मशीन बंद करून त्यात सरळ केलेली पेपर क्लिप दाबा.

दुसरी तपासणी चपट्या केबलची. ही जुनी आयडीई केबल, 40 पिनांची. तिच्या एका कडेची लाल रेघ म्हणजे पहिली पिन आणि ती ड्राइव्हवर बहुधा करंटच्या प्लगाकडे येते. स्वस्त केबलला उलटं बसू न देणारा उंचवटा नसतो, त्यामुळे ती उलटीही बसते. उलटी बसली की ड्राइव्हची रीसेटची पिन थेट अर्थिंगला जाते. बिचारा ड्राइव्ह सुरू होण्याआधीच कायमचा 'थांब' या हुकमात अडकतो. कधी आख्खं मशीनच चालू होत नाही. 80 तारांच्या केबलमध्ये रंगही ठरलेले असतात : निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला.

आणि तिसरी, जिथे आमगावचं घोडं अडलं होतं, ती जंपरची. एका आयडीई केबलवर दोन यंत्रं बसतात. एकाने मास्टर व्हायचं, दुसऱ्याने स्लेव्ह. हे ठरवायला ड्राइव्हच्या मागे पिनांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांतल्या एकीवर तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काळी टोपी बसवलेली असते. तोच जंपर. बहिणीच्या मशीनमध्ये वर्षभरापूर्वी दुसऱ्या भंगार मशीनची हार्ड डिस्क जास्तीची म्हणून बसवली होती, ती सीडी ड्राइव्हच्याच केबलवर. दोघांचेही जंपर मास्टरवर. एका खुर्चीवर दोन सरपंच. हार्ड डिस्क जिंकली, सीडी ड्राइव्ह गायब झाला, आणि वर्षभर कोणी सीडीच लावली नाही म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दुकानदाराच्या स्वतःच्या ड्राइव्हचा जंपर स्लेव्हवर असणार, म्हणून तो तिथे चालला.

ती टोपी मी भुवयांच्या चिमट्याने काढली. ती मदरबोर्डवर पडली, मशीन आडवं करून हलवावं लागलं, भाच्याने मोबाइलची बॅटरी मारून शोधली. स्लेव्हच्या जोडीवर बसवली, मशीन चालू केलं आणि सेकंडरी स्लेव्हपुढे ड्राइव्हचं नाव आलं. खर्च शून्य.

तुमचं मशीन थोडं नवं, साटाचं असेल तर जंपरची कटकट नाही. एका केबलवर एकच यंत्र. तिथे केबल सैल होणं हाच नेहमीचा दोष. केबल बदला, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून पाहा.

बायोसला ड्राइव्ह दिसतो, पण विंडोजला नाही, असं असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. ड्राइव्हच्या नावावर पिवळं उद्गारचिन्ह आणि आत कोड 19, 31 किंवा 39 असेल, तर बहुतेक वेळा सीडी जाळायच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने मागे ठेवलेला कचरा नडत असतो. रजिस्ट्रीत करंट कंट्रोल सेटच्या कंट्रोलमधल्या क्लास फोल्डरमध्ये 4डी36ई965 ने सुरू होणारं लांबलचक नाव शोधा. त्यात उजवीकडे 'अपर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' दिसतील. आधी त्या फोल्डरची एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा, मग या दोनच नोंदी काढा आणि मशीन पुन्हा चालू करा. रजिस्ट्रीत हात घालायची भीती वाटत असेल तर ही ओळ कॉम्प्युटरवाल्याला दाखवा. फॉरमॅटपेक्षा हे त्यालाही सोपं आहे.

उद्गारचिन्ह नाही आणि तरी माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह नाही? मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा. तिथे सीडी ड्राइव्ह अक्षराविना बसलेला सापडतो. राइट क्लिक करून त्याला मोकळं अक्षर द्यायचं, झालं.

तिसरा अर्थ म्हणजे ड्राइव्ह आहे, पण सीडी वाचत नाही. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी 650 चा. डीव्हीडी रायटरमध्ये दोन्ही असतात आणि त्यातला एक आधी मरू शकतो. म्हणून सीडी चालते पण डीव्हीडी नाही, किंवा उलटं, असं होत असेल तर विंडोजला दोष देऊ नका. दोन्ही चालत नसतील तर भिंगावर कोंडा बसलेला असण्याची शक्यता जास्त. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, हात हलका. करोनाच्या वेळचं उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन भिंगावर तवंग सोडतं. सीडी पुसताना गोल गोल फिरवू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. चकतीवरची माहिती गोल वाटेने जाते, त्यामुळे आडवा ओरखडा सावरून घेता येतो, वाटेने गेलेला नाही. आणि सीडीची वरची, छापील बाजू जास्त जपा. माहितीचा थर तिथे वार्निशच्या लगेच खाली असतो. माझ्या बहिणीने तीन नंबरच्या व्हीसीडीवर बॉलपेनने दाबून नाव लिहिलं होतं. ती शेवटपर्यंत चालली नाही.

पहिल्या दोन चालल्या. मामाजींनी वरात दोनदा पाहिली.

तुमच्या घरी असा ड्राइव्ह पुन्हा दिसायला लागला, तर सिनेमा लावण्याआधी प्रत काढा. व्हीसीडीतल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या डॅट फाइली हार्ड डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर घ्या. व्हीएलसीमध्ये त्या चालतात. पुढच्या आठवड्यात एसएमपीएसबद्दल बोलू. तोवर त्याचा डबा उघडू नका.