छंदाच्या सीएनसीला संगणक कसा जोडावा?

गणपतीच्या मखरातून थर्माकोल गेले आणि प्लायवूड-एमडीएफची जाळी आली, तेव्हापासून आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत लहान सीएनसी यंत्र घेण्याची चर्चा सुरू आहे. वडोदऱ्यात ती व्हावी यात नवल नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये इथेच कलाभवन काढून हस्तकौशल्याला यंत्रविद्येची जोड दिली होती. सभासद आम्हाला विचारतात तो प्रश्न मात्र बहुधा यंत्राच्या किमतीचा असतो. संगणक आणि यंत्र यांच्यामध्ये काय बसवायचे, हा प्रश्न मागे राहतो आणि पुढचा सगळा मनस्ताप तिथूनच सुरू होतो.

मधला दुवा काय करतो?

रेखाचित्रावरून तयार झालेल्या जी-कोडमध्ये ‘इथून तिथे, इतक्या वेगाने जा’ अशा ओळी असतात. स्टेपर मोटारीला ही भाषा कळत नाही. तिला फक्त विजेचे ठोके कळतात. एक ठोका म्हणजे एक पाऊल. सर्वसाधारण मोटार २०० पावलांत एक फेरा पूर्ण करते. ड्रायव्हरवर एका पावलाचे ८ भाग केले, तर फेऱ्याला १६०० ठोके लागतात. स्क्रू एका फेऱ्यात ५ मि.मी. सरकवत असेल, तर १ मि.मी.ला ३२० ठोके झाले. मिनिटाला ३००० मि.मी. वेग हवा असेल, तर सेकंदाला १६,००० ठोके, तेही समान अंतराने, द्यावे लागतात. ताल चुकला की मोटार पाऊल गाळते. यंत्राला ते कळत नाही. पुढची सगळी नक्षी सरकलेली निघते आणि फळी वाया जाते. म्हणून हा ताल कोण धरणार, यावरच निवड ठरते.

पॅरलल पोर्ट

जुन्या डेस्कटॉपला प्रिंटरसाठी २५ पिनांचा पोर्ट असे. त्यात १२ सिग्नल बाहेर जातात आणि ५ आत येतात. इथे ताल संगणकच धरतो. लिनक्ससीएनसी ही मोफत प्रणाली त्यासाठी खास रिअल-टाइम कर्नल वापरते. घेण्यापूर्वी तिची लेटन्सी चाचणी आपल्या संगणकावर जरूर चालवावी. लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी मध्येच मंदावतात, म्हणून या कामी ते बहुधा नापास होतात.

विंडोजवरचे माक-३ अजून अनेक कारखान्यांत दिसते. पण त्याचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ३२-बिट विंडोजवरच चालतो, आणि विनापरवाना आवृत्ती ५०० ओळींवर थांबते. मखराच्या साध्या जाळीची फाइलही हजारो ओळींची होऊ शकते. बाजारात मिळणारी यूएसबी-ते-प्रिंटर केबल इथे उपयोगी नाही. ती छपाईसाठी असते, ठोक्यांसाठी नाही.

यूएसबी आणि जीआरबीएल

२००९ मध्ये सुरू झालेले जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर आर्डुइनो उनोसारख्या छोट्या बोर्डावर चालते. संगणक फक्त ओळी पाठवतो, ताल बोर्ड धरतो. त्यामुळे जुना लॅपटॉपही पुरतो. उनोवर सेकंदाला साधारण ३०,००० ठोक्यांपर्यंत जाता येते; वरच्या हिशेबाला ते पुरेसे आहे. अक्ष मात्र तीनच. खांब कोरायला फिरता चौथा अक्ष हवा असेल, तर ३२-बिट बोर्ड आणि ग्रबलहॅल पाहावे.

यूएसबीचा कच्चा दुवा म्हणजे विद्युत गोंगाट. स्पिंडल किंवा व्हॅक्यूम क्लीनर सुरू होताच संपर्क तुटतो आणि काम अर्ध्यावर थांबते. केबल आखूड, शिल्ड असलेली घ्यावी, तिच्यावर फेराइट लावावे, ती मोटारीच्या तारांपासून दूर ठेवावी आणि यंत्राला नीट अर्थिंग द्यावे.

इथरनेट

मेसा किंवा स्मूथस्टेपर यांसारखी कार्डे नेटवर्क केबलने जोडली जातात. ठोके कार्ड तयार करते, जोडणी ट्रान्सफॉर्मरने विलग असते आणि लांब केबलही चालते. किंमत अधिक आणि शिकण्याचा वेळही अधिक. पण धातूवर काम, चार अक्ष किंवा रोजचा वापर असेल, तर हा खर्च वाजवी ठरतो.

मग घ्यायचे काय?

लाकूड, ॲक्रिलिक, नावाच्या पाट्या आणि शिकणारी मुले असतील, तर जीआरबीएल. पॅरलल पोर्टचा डेस्कटॉप घरात पडून असेल आणि शिकण्याची हौस असेल, तर लिनक्ससीएनसी. धातूचे काम किंवा छोटा व्यवसाय असेल, तर इथरनेट. नव्याने माक-३ घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

निवड कोणतीही असो, दोन गोष्टींत तडजोड नको. आणीबाणीचे लाल बटण स्पिंडल आणि मोटारींची वीज थेट तोडणारे हवे; संगणक अडकला असताना पडद्यावरचे ‘स्टॉप’ कामाला येत नाही. आणि काम चालू असताना संगणकाची स्लीप व अपडेट बंद ठेवावीत. नवी फाइल आधी कटर फळीच्या वर ठेवून हवेतच चालवावी, डोळ्यांवर चष्मा आणि एमडीएफच्या धुळीसाठी मास्क लावावा, आणि मुले यंत्रापाशी असतील तेव्हा एक मोठे माणूस त्या लाल बटणाजवळ उभे असावे.